तीस अंशांचं गाव

हाप्सालूच्या नगरपालिकेला नवं संकेतस्थळ हवं होतं.
मेनूची यादी नको, म्हणाल्या सचिव बाई,
यादी कोण वाचतं,
गावच काढा आणि लोकांना गावातून फिरू द्या.

मी आधी रस्ता काढला.
अस्सल पर्स्पेक्टिव्ह: क्षितिजावर एक टिंब
आणि जेवणाची घंटा झाल्यासारख्या
सगळ्या रेषा त्याच्याकडे निघालेल्या.
मधोमध जुन्या स्टेशनचा तो लांबच लांब फलाट,
डावीकडे वाचनालय, उजवीकडे करभरणा,
मग दवाखाना, मग शाळाप्रवेश,
घरं बारीक होत होत
शेवटी दफनभूमीचं कार्यालय, मोहरीएवढं.
देखणं झालं होतं.
दुरून डोंगर साजरे, ठीक,
पण दुरून बटण दाबता येत नाही
हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

चाचणीला पाच जण आले.
चौथे एंडेल राउडकिवी, वय एक्क्याऐंशी,
अडतीस वर्षं लोहमार्गावर गँगमन.
कोट काढला नाही. कॉफी नको म्हणाले.
बराच वेळ बघितलं
आणि नखानं स्क्रीन टोकरली:
"हे रूळ पुढे मिळालेत."

लांबून तसंच दिसतं ना, म्हटलं मी.

"पोरी, ते मिळू नयेत
म्हणूनच मला पगार मिळायचा."

मग सांगत राहिले.
हिवाळ्यात लोखंड कसं आखडतं,
जूनमध्ये कसं अंग टाकतं,
पट्टी घेऊन चालायचं, वाकायचं, मोजायचं,
पंधराशे वीस मिलिमीटर,
पुन्हा चालायचं.
गाडी बंद झाली, मग रूळही उचलून नेले कोणीतरी.
बोलता बोलता त्यांनी दोन्ही हात पसरले
आणि हवेत तसेच धरून ठेवले.
मी टेप आणली. दोन बोटं कमी भरलं.
"कोटामुळे," म्हणाले.

त्या रात्री मी टिंब पुसलं.
टिंब गेलं तसं क्षितिजही गेलं,
त्याच्यामागे आभाळ.
उरली तीस अंशांत कललेली जमीन,
तिच्यावर ठोकळ्यांची घरं,
छपरावर बोट नेलं की छप्पर उचललं जाणार
आणि आत कामकाजाची वेळ, अर्ज, फोन नंबर.
रेषा आपापल्या वाटेनं गेलेल्या,
शेजारी असून एकमेकींना न विचारता.
जवळचं मोठं नाही, लांबचं लहान नाही.
दफनभूमीचं कार्यालय
आता आइस्क्रीमच्या टपरीएवढं.
सचिव बाईंनी भुवई उचलली.
सगळं एकाच मापाचं आहे, मी म्हटलं.
तेच तर, म्हणाल्या त्या, आणि सही केली.

एंडेल पुन्हा आले. रूळ बघितले,
मान हलवली, चालतील.
मग एकदम:
"आणि मी कुठे उभा आहे?"

आयसोमेट्रिकमध्ये कुणीच उभं नसतं.
ते गाव कुणाच्याच डोळ्यांतून दिसत नाही.
हे मला शिकवलेलं आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे,
पण त्यांना सांगायला जीभ वळेना.

त्यांनी माऊस धरला, पाखरू धरावं तसा.
वाचनालय ओलांडलं, दवाखाना ओलांडला,
थरथरत त्या छपरावर थांबले. ते उघडलं.
एका बोटानं एकेक अक्षर शोधत
रकान्यात नाव भरलं: वाइके राउडकिवी.
जागेचं भाडं, पुढची दहा वर्षं.

"आमच्या घरापासून हे किती लांब दाखवलंय?"
मी चौकोन मोजले. सात.
"खरं तर बस बदलावी लागते," म्हणाले,
"आणि रविवारी दुसरी बस नसतेच."

ते गेल्यावर मी फलाटावर एक बाकडं काढलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
त्याला काहीही जोडलेलं नाही,
पान नाही, अर्ज नाही, छप्पर तर नाहीच.
तरी नोंदवहीत दिसतं,
रोज सकाळी सातच्या आसपास
कोणीतरी त्याच्यावर एकदा क्लिक करतं.
नियमानं ही त्रुटी आहे,
दुरुस्तीच्या यादीत टाकायला हवी.
मी अजून टाकलेली नाही.